क्लाइनलीश म्हणजे ब्रोराच का? एकाच जागेवरच्या दोन भट्ट्यांची गोष्ट

प्रश्न असा आहे: "दुबईहून येताना ड्युटी फ्रीमध्ये क्लाइनलीश १४ ची बाटली घेतली. दुकानातला माणूस म्हणाला, ही म्हणजे ब्रोराच, नाव तेवढं वेगळं. घरी येऊन बघतो तर ब्रोराच्या एका बाटलीला लाखांत पैसे मोजतात लोक. मग मला घबाड मिळालं की माझा मामा झाला?"

दोन्हीही नाही. बाटली अस्सल आहे, आणि दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजण्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. तीस वर्षं मी मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काढली. उसाच्या मळीपासून होणाऱ्या मद्यार्कातून वास, चव, तेलं, जे जे काही असेल ते काढून टाकणं हे आमचं काम. शेवटी हाती येतं ते ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल), म्हणजे ज्याला स्वतःचं काही म्हणणंच नाही असं पाणी. स्कॉच माल्टवाले, म्हणजे मोड आणलेल्या जवाची व्हिस्की करणारे, नेमकं उलटं करतात. आम्ही जे गटारात सोडायचो ते सांभाळण्यासाठी त्यांची धडपड. त्यामुळे निवृत्तीच्या आधीपासूनच मला या भट्ट्यांचं वेड लागलं, आणि त्यातही क्लाइनलीशचं. मी आयुष्यभर वासच जास्त घेतला, प्यायले फार कमी, तेव्हा नाकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ब्रोरा हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं छोटं गाव, इनव्हर्नेसच्याही बऱ्याच उत्तरेला, सदरलंड परगण्यात. समोर उत्तर समुद्र, मागे ओसाड टेकड्या. गावाच्या जरा वर, उतारावर क्लाइनलीश नावाची जागा आहे. उच्चार 'क्लाइन-लीश', गेलिक भाषेत अर्थ साधारण 'उतरती बाग'. आपल्याकडे दुकानात 'क्लायनेलिश' ऐकू येतं, तेही चालून जातं.

इथली पहिली भट्टी १८१९ मध्ये मार्क्विस ऑफ स्टॅफर्डने बांधली. हा गडगंज इंग्रज जमीनदार. सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ त्याची बायको, आणि परगण्यातली बहुतेक जमीन तिच्या घराण्याची. पुढे १८३३ मध्ये तो पहिला ड्यूक ऑफ सदरलंड झाला. कंपनीच्या माहितीपत्रकात १८१९ हे साल मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं. सदरलंडच्या लोकांना ते साल वेगळ्या कारणाने आठवतं. त्याच वर्षी स्ट्रॅथनेव्हर आणि किल्डोनन या खोऱ्यांतून पिढ्यानपिढ्या राहणारी कुळं मोठ्या संख्येने उठवली गेली. कारण मेंढ्या. शेव्हियट जातीच्या मेंढ्यांची लोकर कुळांच्या खंडापेक्षा कितीतरी जास्त पैसा देत होती. घरं पुन्हा कोणी वसवू नयेत म्हणून छपरं जाळली जात. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर आधीच्या एका मोहिमेतल्या क्रौर्याबद्दल १८१६ मध्ये इनव्हर्नेसला खटलाही चालला. तो निर्दोष सुटला.

उठवलेल्या लोकांना किनाऱ्यावर आणून जमिनीचे बारके तुकडे दिले. मासेमारी करा, जव पिकवा, आणि खंड रोख भरा. आता जव पिकवला तर विकायचा कुठे? तो हातभट्टीवाले घेत. सगळ्या हायलँड्समध्ये तेव्हा चोरटी दारू घरोघर निघत होती. परवाना आणि कर परवडण्याजोगा करणारा कायदा यायला अजून चार वर्षं होती, तो आला १८२३ मध्ये. तेव्हा जमीनदाराच्या मुनिमांनी हिशेब मांडला: आपणच कायदेशीर भट्टी घालू. कुळांचा जव तिथे विकला जाईल, त्या पैशातून आपला खंड वसूल होईल, चोरट्यांचा धंदा बसेल, आणि भट्टीतून उरणारा चोथा डुकरांना घालता येईल. ब्रोरात दगडी कोळशाची खाणही होती, त्यामुळे जळण हाताशी. कागदावर सगळं चोख. पहिला परवानाधारक जेम्स हार्पर मात्र त्यात काही वर्षांतच बुडाला.

मी तिथे गेले होते तेव्हा गोल्स्पी गावाजवळच्या बेन ब्रॅगी टेकडीवर या ड्यूकचा पुतळा पाहिला. चौथऱ्यासकट शंभर फूट उंच. मैलोन्‌मैल दिसतो. तो पाडण्याचे प्रयत्न बऱ्याचदा झाले, अजून उभा आहे. व्हिस्कीवर लिहिणारे बहुतेक जण या पुतळ्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. माझं मत विचाराल तर या भट्टीचा पुढचा सगळा इतिहास त्या पहिल्या हिशेबातच आहे: तिचं नशीब प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेने ठरलं. कधी चांगलं, कधी वाईट.

एकोणिसाव्या शतकाचा मधला काळ सुखाचा. १८४६ पासून जॉर्ज लॉसन आणि मग त्याच्या मुलांनी पन्नास वर्षं भट्टी चालवली. शतकाच्या शेवटाला क्लाइनलीशचं नाव एवढं झालं होतं की माल थेट खासगी गिऱ्हाइकांना जायचा आणि व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी परत पाठवल्या जायच्या. ज्या काळात बहुतेक माल्ट ब्लेंडच्या, म्हणजे अनेक भट्ट्यांच्या व्हिस्कींच्या मिश्रणाच्या, पिंपात बेनाम होऊन जात होते, त्या काळात ही चैन कोणाला परवडत होती!

१८९६ मध्ये लीथ बंदरातल्या एन्स्ली कंपनीने भट्टी विकत घेतली. ते ब्लेंडर होते, तेव्हा इथून पुढे मालक म्हणजे ब्लेंडर. १९१२ मध्ये डीसीएल, म्हणजे डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड या बड्या संस्थेचा शिरकाव झाला, मग जॉन वॉकर कंपनीने हिस्सा घेतला, आणि १९२५ मध्ये वॉकरच डीसीएलमध्ये विलीन झाल्यावर सगळंच एका छत्राखाली गेलं. १९३० च्या दशकात मंदीमुळे भट्टी सात वर्षं बंद, महायुद्धात पुन्हा बंद. हे सगळ्यांचंच झालं, त्यात विशेष नाही.

खरी गंमत १९६७ नंतर.

महायुद्धानंतर जगभर, आणि विशेषतः अमेरिकेत, ब्लेंडेड स्कॉचला प्रचंड मागणी आली. आपल्याकडे 'जॉनी वॉकर' हा श्रीमंतीचा शिक्का झाला तोही याच काळाच्या मागेपुढे. वॉकरला क्लाइनलीश हवी होती आणि जुन्या भट्टीत स्टिल, म्हणजे ऊर्ध्वपातनाची तांब्याची भांडी, दोनच. डीसीएलने जुनीला हात न लावता शेजारीच नवी डिस्टिलरी उभारली. जुनीच्याच आकाराच्या प्रतिकृती करून सहा स्टिल बसवले, दर्शनी भागाला काचेची भिंत, आतून थेट समुद्र दिसतो. इथल्या स्टिलमध्ये एक विचित्रपणा आहे: सगळीकडे पहिल्या फेरीचे स्टिल मोठे आणि दुसऱ्या फेरीचे लहान असतात, क्लाइनलीशला उलटं. पाणी दोन्ही भट्ट्यांना एकाच ओढ्याचं, क्लाइनमिल्टनचं. १९६८ मध्ये नवी सुरू झाली, 'क्लाइनलीश' हे नाव तिने घेतलं, आणि जुनीला कुलूप लागलं.

हे कुलूप वर्षभरच टिकलं. अडचण तिथून शेकडो किलोमीटर दूर, पश्चिमेच्या इस्ले बेटावर होती. इस्लेचे माल्ट धुरकट असतात, कारण मोड आणलेला जव तिथे पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या मातीच्या धुरावर सुकवतात. ब्लेंडला हा धूर चिमूटभर लागतो, पण लागतोच, आमटीतल्या हिंगासारखा. त्या सुमारास बेटावर पाण्याची टंचाई झाली. धुराचा पुरवठा आटला. मग कोणाला तरी आठवलं की ब्रोरात एक भट्टी रिकामी पडली आहे. १९६९ मध्ये तिचं कुलूप काढलं, भरपूर पीट दिलेलं माल्ट आणून टाकलं, आणि पूर्व किनाऱ्यावर इस्लेची नक्कल सुरू झाली. पुढे १९७२ ते ७४ डीसीएलची इस्लेवरची कोल ईला डिस्टिलरी पाडून नव्याने बांधायला घेतली, तेव्हाही ही नक्कल कामाला आली.

एकाच अंगणात एकाच नावाच्या दोन भट्ट्या चालणं शक्य नव्हतं. जुनीला गावाचं नाव मिळालं: ब्रोरा. म्हणजे दीडशे वर्षं जी क्लाइनलीश होती ती ब्रोरा झाली, आणि कालची पोर क्लाइनलीश झाली. तुमच्या दुकानदाराचा गोंधळ इथला आहे. त्याला फार दोष देऊ नका, लेबलावर '१८१९' वाचून भले भले फसतात.

साधारण १९७३ पर्यंत ब्रोरा जोरदार धुरकट निघत होती. इस्लेची घडी बसल्यावर पीट कमी केलं, मध्येच कधीतरी धुराची एखादी खेप. आज ज्या १९७२ च्या ब्रोरासाठी लोक घर गहाण ठेवायला निघतात, ती मुळात भोकाला लावलेलं ठिगळ होती. ती पिंपात भरणाऱ्यांच्या डोक्यात 'सिंगल माल्ट', म्हणजे एकाच भट्टीची माल्ट स्वतःच्या नावाने विकणं, हा विचारही नव्हता.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. क्लाइनलीश आणि ब्रोरा या दोघींच्या व्हिस्कीत एक गुण आहे जो दुसरीकडे क्वचित सापडतो: मेणचटपणा. जिभेवर मेणबत्ती विझल्यावरच्या वासाची, संत्र्याच्या सालीसारखी, थोडी स्निग्ध साय बसते. तो येतो कुठून? पाण्यातून नाही, जवातून नाही, पिंपातूनही नाही.

माल्ट व्हिस्की दोनदा ऊर्ध्वपातित होते. पहिल्या फेरीत येतं ते कमजोर द्रव, लो वाइन्स. दुसऱ्या फेरीत धार तीन भागांत कापतात. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे कडक आणि भारी असा समज आहे. माल्टवाले पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात उडून जाणारे तिखट पदार्थ असतात. मधली धार पिंपात जाते. शेवटची, जड तेलकट धार पुन्हा बाजूला. ही पहिली आणि शेवटची धार टाकीत साठवून पुढच्या खेपेच्या वेळी पुन्हा स्टिलमध्ये घालतात. क्लाइनलीशला या टाक्यांची मांडणी अशी आहे की मधल्या वेळात द्रव तिथे निवांत पडून राहतो, आणि जड मेदाम्लांची संयुगं टाकीच्या तळाशी आणि भिंतींवर साठत जातात. राखाडी, चिकट, बघवत नाही असा थर. तोच हळूहळू पुढच्या खेपांत उतरतो आणि व्हिस्कीला मेण देतो.

हे कोणी ठरवून केलेलं नाही. मध्यंतरी वार्षिक साफसफाईत टाक्या घासून लख्ख केल्या, आणि मद्यार्काचा मेणचटपणा गायब झाला. शोधाशोध केल्यावर कारण कळलं. तेव्हापासून साफसफाईच्या वेळी हा थर काढून बाजूला ठेवतात आणि टाकी धुतल्यावर परत आत घालतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. असली टाकी आमच्याकडे दिसली असती तर शिफ्टवाल्याची मी बिनपाण्याने केली असती. पण घरातला बिडाचा तवा आठवून बघा. नव्या सुनेने हौसेने राख लावून घासला की पुढचे आठ दिवस घावन निघत नाही.

मेणाचा उपयोग ब्लेंडरला काय? पोत. ब्लेंडमधल्या गहू-मक्याच्या पातळ व्हिस्कीला तो अंग देतो, तोंडात भरल्यासारखं वाटतं. म्हणून नव्या क्लाइनलीशचा बहुतेक माल आजही ब्लेंडमध्ये जातो, जॉनी वॉकरच्या गोल्ड लेबलमध्ये तर ती कणाच मानली जाते. म्हणजे तुम्ही क्लाइनलीश याआधीही प्यायला असाल, फक्त तिची ओळख करून दिली गेली नव्हती.

१९८० च्या दशकात फुगा फुटला. सत्तरच्या दशकात मागणी वाढतच राहणार या हिशेबाने पिंपं भरून ठेवली होती. तेलाचे भाव भडकले, मंदी आली, तरुण पोरं व्होडका आणि वाइनकडे वळली. इंग्रजीत त्या साठ्याला 'व्हिस्कीचं सरोवर' म्हणत. डीसीएलने १९८३ मध्ये अकरा डिस्टिलऱ्या बंद केल्या, दोन वर्षांनी आणखी दहा. त्यात इस्लेची पोर्ट एलन होती आणि ब्रोराही. निवड करताना कोणी चव घेऊन बघितली नाही. दोन स्टिलची म्हातारी भट्टी आणि शेजारी सहा स्टिलची धडधाकट, कोणती बंद करायची यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मार्च १९८३ मध्ये ब्रोरा थांबली.

पण ती मोडली नाही, आणि हे नशीब पोर्ट एलनला लाभलं नाही. तिथले स्टिल गेले. ब्रोराचे दोन्ही तांब्याचे स्टिल जागच्या जागी राहिले, गोदामं क्लाइनलीश वापरत राहिली. मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि दगडी भिंतीला झुडपं. मार्गदर्शक मुलीने "ती जुनी" एवढंच म्हणून आम्हाला नव्या इमारतीकडे वळवलं.

दरम्यान डीसीएल १९८६ मध्ये गिनेस या बिअर कंपनीने गिळली आणि १९९७ मध्ये त्यातून डिआजिओ ही आजची मालक कंपनी झाली. पिंपात पडून असलेली ब्रोरा मात्र म्हातारी होत होती. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्केच उडतं, म्हणून चाळीस वर्षांनीही आत काहीतरी उरतं. गोव्याच्या हवेत हेच प्रमाण त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन कोवळ्या वयातच पिकते आणि तिथे चाळीस वर्षांच्या पिंपाचं स्वप्नही बघायचं नाही. तर, १९९५ पासून 'रेअर माल्ट्स' मालिकेत १९७२ ची ब्रोरा बाटलीत आली. २००२ पासून तीस वर्षांच्या ब्रोराच्या मर्यादित बाटल्या दरवर्षी येऊ लागल्या. धूर, मेण आणि म्हातारपण हे तिन्ही एकत्र. चाखणाऱ्यांनी डोक्यावर घेतली. २०१४ मध्ये चाळीस वर्षांच्या फक्त १६० बाटल्या निघाल्या, एकेक सुमारे सात हजार पौंडांना.

मग तोच जुना हिशेब पुन्हा उलटला. ज्या कंपनीने भट्टी नकोशी म्हणून बंद केली होती तिनेच ऑक्टोबर २०१७ मध्ये पोर्ट एलन आणि ब्रोरा या दोघींसाठी साडेतीन कोटी पौंड जाहीर केले. ब्रोराचे मूळ स्टिल उचलून अलोआ गावातल्या अ‍ॅबरक्रॉम्बी या तांबटांच्या कारखान्यात डागडुजीला नेले. स्टिलघराची भिंत दगड दगड काढून त्याच दगडांनी परत बांधली. जुन्या पद्धतीची लोखंडी काट्यांची मॅश टन, म्हणजे जवाचा भरडा गरम पाण्यात ढवळायची टाकी, वाफ थंड करण्यासाठी लाकडी टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्या नळ्या. फक्त जळण आता लाकडाच्या ढलप्या. मे २०२१ मध्ये पहिलं पिंप भरलं. ते भरून घेणारा स्टुअर्ट बोमन ब्रोरा गावचाच, आणि त्याचे वडील ब्रोरा बंद होण्याआधीचे तिथले शेवटचे अबकारी अधिकारी. आमच्या धंद्यात एक्साइजवाल्याचं पोर डिस्टिलर होणं म्हणजे काय हे ज्याने गेटवरचं रजिस्टर भरलं आहे त्यालाच कळेल.

त्याच मुहूर्तावर कंपनीने १९७२, १९७७ आणि १९८२ च्या ब्रोराच्या तीन लहान बाटल्यांचा संच काढला. संच तीनशे, किंमत प्रत्येकी तीस हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने तीस लाख रुपयांच्या वर. माझ्या मते हा किमतीचा वेडेपणा आहे. त्या द्रवात कितीही गुण असले तरी त्यातला बराच पैसा गोष्टीचा आहे, आणि गोष्ट मी तुम्हाला फुकट सांगितली.

तर तुमची बाटली. ती १९६८ च्या, सहा स्टिलच्या भट्टीची आहे, ४६ टक्के मद्यार्काची. आजची ब्रोरा वर्षाला आठ लाख लिटर काढू शकते, क्लाइनलीश अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास, म्हणून दुर्मिळतेचं मोल तुमच्या बाटलीला नाही. पाणी तेच, स्टिलचा आकार तोच, मेण तेच. नव्या ब्रोराची पहिली पिंपं मात्र अजून लहान आहेत. २०३३ उजाडेल तेव्हा ती बारा वर्षांची होतील. लाखांत विकली जाते ती सगळी १९८३ च्या आधीची.

उघडा आणि वापरा, शोकेसमध्ये ठेवू नका. पेल्यात थोडी घ्या, बर्फ अजिबात नको, थंडीने मेण गोठल्यासारखं मुकं होतं. दोन थेंब तळहातावर चोळा. मद्यार्क उडून गेला की मेण आणि संत्र्याची साल नाकाला लागेल. मग चमचाभर साधं पाणी घाला. किंचित धूसर झाली तर घाबरून दुकानदाराला फोन करू नका, त्या टाकीतल्या राखाडी थराचे वंशज आहेत ते. आणि धूर शोधत बसू नका. तो १९७२ मध्ये शेजारच्या घरी होता.